आठवी-नववीच्या मुलांना व्यसनांबद्दल नेमकं काय शिकवायचं आणि कसं?

वर्गशिक्षिका_चोपडा

नमस्कार मंडळी. शाळा चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आठवी ते दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या. बहुतेक मुलं शेतकरी आणि शेतमजूर घरांतली, काही पाड्यांवरून येणारी.

स्वच्छतागृहामागे गुटख्याच्या पुड्या सापडतात. नववीतली दोन-तीन मुलं पंक्चरचं सोल्यूशन हुंगतात अशी कुजबुज आहे. दहावीच्या मुलांत कुठल्यातरी ‘गोळी’चं नाव ऐकू येतं. दरवर्षी २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, प्रभातफेरी, शपथ आणि पाहुण्यांचं एक व्याख्यान होतं. त्यात सडलेल्या तोंडांचे फोटो दाखवतात, मुलं ‘ईऽऽ’ करतात आणि मधल्या सुट्टीत पुन्हा टपरीवर जातात.

यंदा मुख्याध्यापकांनी नववीसाठी ३५ मिनिटांच्या सहा तासिका दिल्या आहेत. मला चार गोष्टी हव्यात. या सहा तासिकांत काय घ्यावं? माहिती दिल्याने उलट कुतूहल वाढतं का? आधीच खाणाऱ्या मुलांचं काय करायचं? आणि फाटकासमोरच्या टपरीचं काय? अनुभवकथन नको, उद्या वर्गात वापरता येईल असं सांगा.

शालेय_समुपदेशक_जळगाव

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, बाकीचं त्यावरच ठरतं. नुसती माहिती, त्यातही भीती घालणारी, व्यसन रोखत नाही. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१८ मध्ये प्रतिबंधाच्या आंतरराष्ट्रीय मानकांची दुसरी आवृत्ती काढली. एकतर्फी व्याख्यान, भीतिदायक चित्रं आणि व्यसनातून बाहेर आलेल्यांचं अनुभवकथन या तिन्ही गोष्टी त्यात ‘परिणाम नाही किंवा उलटा परिणाम’ या बाजूला आहेत. अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेला ‘डेअर’ कार्यक्रम पोलिसांना वर्गात नेऊन शिकवायचा. देशभर पसरला, पुढे अभ्यास झाले तेव्हा टिकाऊ फरक दिसला नाही आणि शेवटी अभ्यासक्रमच बदलावा लागला.

कारण सोपं आहे. प्रत्येक घरात एक आप्पा असतात, चाळीस वर्षं तंबाखू मळणारे आणि अजून शेतात राबणारे. तुम्ही ‘खाल तर मराल’ म्हटलं की मुलाला ते आप्पा आठवतात आणि तुमचं पुढचं सगळं त्याच्यासाठी खोटं ठरतं. अनुभवकथनात अडचण वेगळी. पाहुणा व्यासपीठावर उभा असतो, टाळ्या घेतो, सुधारलेला असतो. मूल त्यातून एवढंच उचलतं की करून बघितलं तरी बाहेर पडता येतं.

चालतं ते असं: लहान तासिका, आठवड्याला एक, मुलांनी स्वतः बोलायचं-करायचं आणि पुढच्या वर्षी त्याची उजळणी. सहाही तासिका व्यसनमुक्ती सप्ताहात एका दमात उरकू नका, आठवड्याचं अंतर हवंच.

पहिली तासिका अंदाजाची. छापील चिठ्ठीवर दोनच प्रश्न: ‘आपल्या वर्गातल्या ५० पैकी किती जण तंबाखू-गुटखा खात असतील?’ आणि ‘गेल्या ३० दिवसांत तू खाल्लास का?’ पहिल्याला पर्याय छापलेले, दुसऱ्याला हो किंवा नाही, दोन्हीकडे फक्त बरोबरची खूण. अक्षर कुठेच येता कामा नये, नाहीतर तुम्ही ओळखाल अशी मुलांना भीती वाटते आणि सगळे ‘नाही’ लिहितात. बहुतेक वेळा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच मोठा निघतो. ‘सगळेच खातात’ हा समज तिथे ढासळतो आणि तो ढासळणं फार मोलाचं असतं, कारण या वयात मूल पदार्थापेक्षा टोळक्याच्या मागे जातं. देशपातळीवरचा आकडा हवा असेल तर २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात १३ ते १५ वयाच्या ८.५ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरल्याचं आढळलं. म्हणजे साधारण बारातली अकरा मुलं वापरत नाहीत. एक जपा: तुमच्या वर्गाचा खरा आकडाच मोठा निघाला तर तो फळ्यावर लिहू नका, देशाचा आकडा वापरा. आणि ‘कोण खातं, हात वर करा’ हे कधीच नाही.

दुसरी तासिका शरीराची, पण कर्करोगाची नाही. पन्नाशीतला आजार चौदाव्या वर्षी दिसत नाही. आज काय होतं ते सांगा: दम लवकर लागतो, तोंडाला वास, दातांवर डाग, आणि सुपारीने तोंड उघडणं कमी होत जातं. या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. पहिलं लक्षण आग होणं, आपल्याकडची शेवभाजी किंवा ठेचा एकदम झेपेनासा होतो. मग गालाच्या आतली कातडी पांढरट आणि ताठ होते. तंबाखू नसलेली, नुसती सुपारीही हे करते. सुपारी २००४ पासून कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, त्यामुळे ‘मी साधीच खातो’ ही पळवाट बंद करा. चाचणी सोपी आहे: स्वतःची तीन बोटं एकाखाली एक, उभी, वरच्या-खालच्या दातांत जायला हवीत. मात्र ही वर्गात करून घेऊ नका. ज्याची जात नाहीत तो सगळ्यांसमोर उघडा पडतो. घरी आरशासमोर करायला सांगा.

तिसरी आणि चौथी तासिका नकाराची, जीव इथे आहे. तिघांचा गट करा: एक आग्रह करणारा, एक नकार देणारा, एक निरीक्षक. दोन मिनिटं, मग भूमिका बदला. संवाद मुलांच्याच बोलीत हवा. तुमच्या भागात अहिराणी चालेल (रावेर-यावलला शाळा असती तर लेवा बोली म्हटलं असतं):

‘ले ना भो, एक डाव लेवामा काय व्हस?’
‘माले नको भो.’
‘घाबरस का रे?’
‘नको सांगं ना. चाल, मॅचले उशीर व्हई राहिना.’

लक्षात घ्या, यात कारण दिलेलं नाही. ‘घरी वास येईल’ म्हटलं की समोरचा इलायची काढतो. ‘पैसे नाहीत’ म्हटलं की तो फुकट देतो. प्रत्येक कारणाला उत्तर तयार असतं. म्हणून तेच लहान वाक्य दोनदा आणि मग जागा सोडणं. निरीक्षकाने एवढंच बघायचं: आवाज खाली गेला का, कारणं द्यायला लागला का, पाय हलले का.

हा खेळ बिघडतो तो एकाच ठिकाणी. आग्रह करणारा विनोदी निघतो, वर्ग हसतो आणि हिरो तोच होतो. म्हणून पहिल्या फेरीत आग्रह तुम्ही करा, पुढे आग्रहाची तीनच वाक्यं ठरवून द्या. खरी किंवा रिकामी पुडी हातात देऊ नका, मळण्याचा अभिनयही नको. खातो अशी शंका असलेल्या मुलाला आग्रहाची भूमिका चुकूनही देऊ नका.

पाचवीत राग, कंटाळा, पेपर अवघड गेला, घरात भांडण, अशा वेळी काय करायचं याची मुलांनीच केलेली यादी. ‘वेलची’ म्हणून चालणाऱ्या जाहिराती खरं काय विकतात हेही तिथेच घ्या, मुलांना यात भलतीच मजा येते. सहावीत मदत कुठे मिळते आणि प्रश्नपेटीतल्या चिठ्ठ्यांची उत्तरं. प्रश्नपेटी पहिल्या दिवसापासून ठेवा, पण स्टाफरूमच्या दारात नको. दहावीत दोन तासिका उजळणी, त्यात पुन्हा नकाराचा सराव.

पदार्थांबद्दल म्हणाल तर गावात जे आहे तेवढ्यावरच बोला. आठवीला तंबाखू, सुपारी, दारू. नववी-दहावीला गांजा, व्हेप (ई-सिगारेट) आणि गोळ्या यांची जोड. जे मुलांनी ऐकलेलंही नाही त्याची नावं, भाव आणि घेण्याची पद्धत आपण सांगायची नसते.

औषधी_डबा (धुळे)

वरच्या उत्तराला औषधांच्या बाजूने जोड.

‘गोळी’ म्हणजे आपल्या पट्ट्यात बहुतेक वेळा झोपेची किंवा घबराट कमी करणारी: अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम. मालेगावकडे जिला कुत्ता गोळी म्हणतात ती अल्प्राझोलामच. जोडीला कोडीन असलेलं खोकल्याचं औषध. वर्गात ही नावं घेऊ नका, हे तुमच्यापुरतं. ही औषधं एच-वन यादीत आहेत. १ मार्च २०१४ पासून ती विकताना दुकानदाराने चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षं जपायची असते. त्यामुळे एखाद्या मेडिकलबद्दल खात्रीलायक शंका असेल तर दुकानात जाऊन भांडू नका. अन्न व औषध प्रशासनाला लेखी कळवा आणि ‘एच-वन नोंदवही तपासावी’ एवढं एक वाक्य त्यात घाला. तपासणीला तेच पुरतं.

पण पुष्कळदा गोळी मेडिकलमधून आलेलीच नसते, आजीच्या डब्यातून आलेली असते. पालकसभेत सांगा: झोपेच्या, फिटच्या, तीव्र वेदनेच्या गोळ्या कुलपात, पट्टीतल्या मोजून, उरलेल्या टाकून न देता मेडिकलवाल्याला विचारून नष्ट करायच्या.

वर्गात एखादं मूल जीभ जड झाल्यासारखं बोलतंय, झोकांड्या जाताहेत आणि दारूचा वास नाही, तर गोळीची शंका घ्या. रागवू नका, एकटं घरी पाठवू नका. वाटेतल्या विहिरी, कालवे, हायवे सगळं धोक्याचं. बेशुद्ध पडलं तर डाव्या कुशीवर, वरचा गुडघा दुमडून, तोंड जरा जमिनीकडे. १०८ ला फोन. श्वास मोजत राहा आणि गोळीची पट्टी किंवा बाटली सोबत द्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं, कॉफी देणं, नळाखाली धरणं यांपैकी काहीही करू नका. अर्धवट शुद्धीत उलटी श्वासनलिकेत जाते आणि मूल गोळीने नाही, गुदमरून जातं. गोळी आणि दारू एकत्र झाली असेल तर धोका अनेक पटींनी वाढतो, कारण दोन्ही श्वासाची गती कमी करतात.

महिनोन्महिने रोज गोळी घेणारं मूल सापडलं तर ‘आजपासून बंद’ असं घरच्यांना म्हणू देऊ नका. झोपेच्या गोळ्या एकदम तोडल्या की झटके येऊ शकतात. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. गुटखा-तंबाखूला हा नियम नाही, ती एका दिवशी बंद केली तरी जिवाला धोका नसतो. चिडचिड, डोकेदुखी होते, पहिले दोन-तीन दिवस जास्त, मग दोन ते चार आठवड्यांत ओसरते.

आता सोल्यूशन. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या २०१९ च्या देशव्यापी पाहणीत हुंगण्याचे पदार्थ हा एकच गट असा निघाला की ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त: १० ते १७ वयात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८ टक्के. स्वस्त, कायदेशीर आणि सायकलच्या दुकानात मिळणारं, म्हणून. ओळख: कपड्यांना रसायनाचा वास, नाका-तोंडाभोवती पुरळ, बोटांना चिकट डाग, खिशात कोंबलेलं फडकं.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे शिपाईमामांनाही सांगा: हुंगताना मूल सापडलं तर ओरडून धावत जाऊ नका, त्याचा पाठलाग करू नका. या वाफांमुळे हृदय ॲड्रेनालिनला फार संवेदनशील होतं. दचकलं, घाबरून पळालं, की ठोका एकदम बिघडून मूल जागच्या जागी जाऊ शकतं, पहिल्या वेळीसुद्धा. शांत आवाजात जवळ जायचं, उघड्यावर आणायचं, बसवायचं, काडी-विडी लांब. पूर्ण सावरल्यावर बोलायचं.

वर्गात हा विषय ‘नशा’ म्हणून घेऊच नका. विज्ञानाच्या तासाला विष आणि आग या शीर्षकाखाली घ्या: थिनर, पेट्रोल, फवारणीची औषधं, सोल्यूशन, बंद खोलीत यांची वाफ फुप्फुसातून थेट रक्तात कशी जाते, कापसावर फवारताना तोंडाला फडकं का बांधतात. ज्याला ठाऊक नाही त्याला नवीन कल्पना मिळत नाही आणि ज्याला ठाऊक आहे त्याच्यापर्यंत मुद्दा पोचतो.

जिभाऊ_अमळनेर

टपरीचं मी सांगतो. तक्रारी परत येतात त्या चुकीच्या कायद्याखाली केल्यामुळे. एकाच टपरीवर तीन वेगळे कायदे लागतात.

तंबाखू, बिडी, सिगारेट: २००३ चा केंद्राचा कायदा, कलम ६. अठराच्या आतल्याला विक्री नाही आणि शाळेच्या १०० यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरांत, विक्रीच नाही. हे अंतर फाटकापासून रस्त्याने मोजत नाहीत. कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, चहूबाजूंनी मोजायचं. टपरीवाला ‘रस्त्याने दीडशे भरतं’ म्हणतो आणि शाळा गप्प बसते. टेप घ्या, कुंपणाच्या जवळच्या कोपऱ्यापासून मोजा, कागदावर नकाशा काढा. मात्र या कलमाखाली दंड २०० रुपयांपर्यंतच, त्याने टपरी हलत नाही.

गुटखा: महाराष्ट्रात २०१२ पासून अन्नसुरक्षा कायद्याखाली बंदी. इथे अंतराचा प्रश्नच नाही, कुठेही विकला तरी बेकायदा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे आणि पोलिसांत.

मुलाच्या हातात दिलं असेल तर बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७: मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मुलाकडून दारू किंवा अमली पदार्थ पोचवून घेतले तर कलम ७८, शिक्षा तेवढीच. दोनशे रुपयांना न हलणारा माणूस हे कलम लेखी वाचल्यावर हलतो. व्हेपवर २०१९ पासून स्वतंत्र कायद्याने बंदी आहे, ते घरात साठवणंही गुन्हा.

पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने, नकाशा जोडून, पोलीस ठाण्याला. प्रती तालुका आरोग्य अधिकारी आणि ग्रामपंचायतीला. पोच घ्या. पण त्याआधी टपरीवाल्याशी एकदा बोला. गावातलाच माणूस असतो, त्याचंही पोर तुमच्याच शाळेत असतं. बिस्किट-पेन-वह्या ठेव, पुडी काढ, असा तोडगा निघाला तर दोन वर्षांच्या पत्रव्यवहारापेक्षा बरा. शाळेबाहेर फलक लावणं आणि १०० यार्डांवर पिवळी रेघ आखणं हे तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांच्या सूचनांत आहेच. रंग ग्रामपंचायतीकडून मागा.

समुपदेशक साहेबांशी एका बाबतीत जमत नाही. प्रभातफेरीने मुलं सुधरत नाहीत, कबूल. पण फेरी मुलांसाठी नसतेच, गावासाठी असते. फेरीनंतर आठ दिवसांत ग्रामसभा असेल तर ‘शाळेच्या परिसरात पुडीबंदी’ असा ठराव घेता येतो. फेरी ठेवा, तिला ठराव जोडा.

आणि पालकसभेत एकच मुद्दा घ्या, दहा नको: बापाची पुडी, काकाची बिडी आणायला पोराला दुकानावर पाठवायचं नाही. सात-आठ वर्षांचं पोर तंबाखूचा भाव, छाप, चुन्याची डबी सगळं शिकतं ते तिथेच. दुकानदारालाही त्याचा हात ओळखीचा होतो. पुढे ते स्वतःसाठी मागतं तेव्हा ‘बापासाठी आहे’ म्हणायची सोय तयारच असते. मोठ्यासाठी नेतो म्हटलं तरी अठराच्या आतल्याला विक्री बेकायदाच. तसंच हळदीच्या रात्री. पाहुण्यांना ग्लास-चकणा पोचवायचं काम पोरांकडे असतं, उरलेलं तळाचं तेच पितात. वाढप्याचं काम मोठ्यांनी करावं, एवढं लग्नाआधी घरात ठरवता येतं.

वर्गशिक्षिका_चोपडा

जिभाऊ, मोजणी उद्याच करते. पश्चिमेचं कुंपण टपरीच्या बरंच जवळ आहे.

दोन गोष्टी राहिल्या. एखादं मूल तासिकेनंतर येऊन ‘मॅडम, मी खातो’ म्हणालं तर पुढचं नेमकं काय? आणि पाड्यांवरच्या मुलांच्या घरात मोहाची दारू सणाला, देवाला असतेच. तिथे ‘दारू वाईट’ म्हटलं की मूल घर आणि शाळा यांच्यात अडकतं.

शालेय_समुपदेशक_जळगाव

मूल आलं तर पहिलं वाक्य ठरवून ठेवा: ‘सांगितलंस ते बरं केलंस.’ ‘कधीपासून? कोणी दिली? बापाला माहीत आहे का?’ ही सरबत्ती नको. आणि ‘कोणालाच सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका. जिवाला धोका, कोणी मोठा माणूस वापरून घेतोय किंवा मारहाण-छळ, या तीन गोष्टी असतील तर सांगावं लागेल, बाकी आपल्यात राहील, असं आधीच स्पष्ट करा. अट नंतर कळली तर मूल पुन्हा येत नाही आणि त्याचे मित्रही येत नाहीत.

मग सहा प्रश्न, गप्पांच्या ओघात. ही पौगंडावस्थेसाठीची मान्य चाचणी आहे, दारू आणि नशेच्या पदार्थांसाठी. नशेत असलेल्याच्या गाडीवर बसलास का किंवा तशी गाडी चालवलीस का? बरं वाटावं, टोळक्यात सामावावं म्हणून घेतोस का? एकटा असताना घेतोस का? घेतल्यावर काय केलं ते विसरलास का? घरचे किंवा मित्र कमी कर म्हणतात का? त्यामुळे कधी अडचणीत आलास का? दोन किंवा जास्त ‘हो’ आले की पुढे पाठवायचं. एकटा घेतो याला ‘हो’ असेल तर मी एकावरही पाठवीन.

नुसत्या तंबाखूचं बरंचसं काम शाळेतच होतं. बंद करण्याची तारीख त्यानेच ठरवायची, दोन आठवड्यांच्या आतली. परीक्षेचा किंवा लग्नाचा आठवडा टाळा. तलफ काही मिनिटं टिकते आणि उतरते. तेवढा वेळ काढायचा: थांब, दहा संथ श्वास, घोट घोट पाणी, मग हाताला काम. तोंडात बडीशेप चालेल, सुपारी नको. मधली सुट्टी हीच त्याची तलफेची वेळ असेल तर त्या वेळी त्याला मैदानाचं किंवा वाचनालयाचं काम द्या. निकोटीनचं च्युइंगम अठराच्या आतल्याला डॉक्टरांशिवाय नाही. पुन्हा खाल्ली तर हे अपेक्षितच आहे असं समजून कुठे, कोणासोबत, एवढंच विचारा आणि नवी तारीख घ्या.

पाठवायचं कुठे: ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातलं मैत्री क्लिनिक, ते किशोरवयीन मुलांसाठीच आहे. गोळ्या, सोल्यूशन, गांजा असेल तर जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा जळगाव, धुळे, नंदुरबारची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं. फोनवर: व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलीमानस १४४१६, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६, मूल संकटात असेल तर १०९८. हे चार आकडे वहीच्या शेवटच्या पानावर मुलांकडून लिहून घ्या. भिंतीवरच्या भित्तिपत्रकासमोर कोणी उभं राहून नंबर टिपत नाही.

धडगाव_आश्रमशाळा

मोहाबद्दल. मोहाला वाईट म्हणू नका, झाडाला तर नाहीच. फुलं वेचणं हे घराचं उत्पन्न आहे, वाळवलेली फुलं खाण्यातही असतात. देवाला धार घालणं हा मोठ्यांचा विधी आहे. मुलांशी बोलताना रेघ इथे मारायची: विधी कोणाचा, शरीर कोणाचं. पूजेला हजर राहणं वेगळं आणि तेरा-चौदाव्या वर्षी पेला रिकामा करणं वेगळं. मेंदूचा विचार करणारा, थांबवणारा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून या वयात तेवढ्याच दारूचा परिणाम जास्त. हे घराला नावं न ठेवता सांगता येतं. पाड्यावरचा पोलीस पाटील आणि पुजारा यांच्याकडून ‘धार मोठ्यांनी घालायची, पोरांनी हात जोडायचे’ एवढं वदवून घेतलंत तर सहा तासिकांचं काम निम्मं होतं. पावरी किंवा भिलीतून सांगणारा माजी विद्यार्थी मिळाला तर पाहुण्या वक्त्यापेक्षा तो बोलवा. तो नकाराचा खेळ घेईल, स्वतःची कहाणी सांगायला मात्र लावू नका.

वसतिगृह असेल तर कॅलेंडर बघा. भोंगऱ्या बाजार (होळीआधीचा आदिवासी बाजार), होळी आणि लग्नसराईनंतर मुलं परत येतात तो आठवडा जोखमीचा. नकाराची तासिका सुट्टी लागण्याआधीच्या आठवड्यात ठेवा, नंतर ठेवून उपयोग नाही. आईबाप ऊसतोडीला गेलेल्या मुलांची यादी वेगळी करा. त्यांच्यावर घरी लक्ष ठेवणारं कोणी नसतं, त्यांच्याशी आठवड्यातून एकदा सहज बोलणारा एक शिक्षक नेमा.

मुलींना विसरू नका. मिश्रीला कोणी व्यसन म्हणत नाही, ती ‘दात घासायची’ असते. पण ती भाजलेली तंबाखूच आहे, हिरडीतून निकोटीन तसंच रक्तात जातं, आणि दिवसातून तीन-चारदा दात घासायची गरज लागते तेव्हा ती सवय झालेली असते. पहिल्या चिठ्ठीत ‘तंबाखू-गुटखा’च्या पुढे ‘मिश्री’ छापा, नाहीतर मुली प्रामाणिकपणे ‘नाही’वर खूण करतील.

जिभाऊ_अमळनेर

एक राहिलंच. दप्तरात काही सापडलं तर. गुटख्याची पुडी असेल तर पालक आणि वर्गशिक्षक, बस. वर्गासमोर झडती नाही, दाखला हातात देण्याची धमकीही नाही. शाळेतून काढलेलं पोर दिवसभर टपरीवरच बसतं.

गांजा किंवा अनोळखी गोळ्या असतील तर हुंगून-चाखून बघू नका आणि ‘पुरावा’ म्हणून स्वतःच्या कपाटात ठेवू नका. तो मग तुमच्या ताब्यातला माल होतो. मुख्याध्यापक आणि आणखी एक शिक्षक यांच्यासमोर पाकिटात बंद, वर तारीख-वेळ आणि दोघांच्या सह्या, त्याच दिवशी पोलिसांना कळवून पंचनाम्यावर सुपूर्द. पालकांना सोबत बोलवा. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, नेहमीच्या कोर्टात नाही. पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याचं नाव आत्ताच विचारून ठेवा आणि बोलणं त्याच्याशीच करा, ठाणे अंमलदाराशी नको. मुलाला कोणी मोठ्याने माल पोचवायला दिला असेल तर ते पहिल्याच जबाबात लिहून घ्यायला सांगा. कलम ७८ लागतं ते त्यावरच, आणि मग पोर आरोपी न राहता वापरलं गेलेलं ठरतं.